गावात बीपीचं काम कसं चालवावं: माप, रजिस्टर, गोळ्या आणि मीठ

गणपतीत, जत्रेत किंवा एखाद्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला आरोग्य शिबिर होतं. मांडव, बॅनर, दोन टेबलं. दीडदोनशे लोकांचं बीपी तपासलं जातं, चिठ्ठीवर आकडा मिळतो आणि संध्याकाळपर्यंत चिठ्ठी खिशातच चुरगळते. ज्यांचं बीपी वाढलेलं निघालं त्यांचं पुढे काय झालं, असं सहा महिन्यांनी विचारलं तर कुणालाच सांगता येत नाही, कारण नावं कुणी लिहून ठेवलेलीच नसतात. बीपी मोजणं हे या कामातलं सगळ्यात सोपं काम. खरी मेहनत आहे ती त्याच माणसाला पुढच्या महिन्यात, त्याच्या पुढच्या महिन्यात आणि वर्षभरानेही गाठण्यात. ग्रामपंचायत, बचत गट किंवा तरुण मंडळ यात उतरणार असेल, तर मांडवाचा खर्च वाचवून तो पैसा आणि माणसं पाठपुराव्याला लावावीत.

यासाठी नवीन काही शोधून काढायची गरज नाही. आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद), केंद्र आणि राज्य सरकारं आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी २०१७ च्या अखेरीस भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रम सुरू केला. महाराष्ट्रात त्याची सुरुवात भंडारा, वर्धा, सातारा आणि सिंधुदुर्ग या जिल्ह्यांपासून झाली. त्याचा गाभा पाच गोष्टींचा आहे: ठरवून दिलेली मोजकीच औषधं, त्यांचा न तुटणारा पुरवठा, डॉक्टरांच्या जोडीने नर्स आणि सीएचओंनी (उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी) काम वाटून घेणं, गोळ्या घराजवळ मिळणं आणि प्रत्येक रुग्णाची नोंद. खाली सांगितलेलं काम याच चौकटीत बसतं. ते उपकेंद्र आणि प्राथमिक आरोग्य केंद्राला धरूनच करायचं. रोगाचं निदान आणि गोळीचा निर्णय डॉक्टरांचा. गावकऱ्यांनी मोजायचं, लिहायचं, आठवण करायची आणि स्वयंपाकघरापर्यंत पोहोचायचं.

आधी माणसं मोजा

एक हजार वस्तीच्या गावात ३० वर्षांवरची साधारण ४५० ते ५०० माणसं निघतात. त्यांपैकी दर तीन-चार माणसांत एकाचं बीपी वाढलेलं असेल असा अंदाज धरा, म्हणजे सव्वाशे ते दीडशे रुग्ण. तपासणी संपल्यावर यादीत तीसच नावं असतील, तर गाव ठणठणीत आहे असं समजू नका. बाकीचे अजून सापडलेले नाहीत.

आशाताईंकडे घरोघरी भरलेला सीबॅक फॉर्म असतो. त्यात वय, तंबाखू, दारू, कमरेचा घेर, हालचाल आणि घरातल्या बीपी-शुगरचा इतिहास यांना गुण दिलेले असतात. चारपेक्षा जास्त गुण असलेल्यांना आधी बोलवायचं. पण गुण कमी असले तरी तिशीपुढच्या प्रत्येकाचं बीपी मोजायचंच असतं, हे बऱ्याच ठिकाणी विसरलं जातं.

निसटतात ते मुख्यतः पुरुष. आशाताईंची फेरी दिवसा असते आणि तेव्हा पुरुष रानात, एमआयडीसीत किंवा गाडीवर असतात. त्यांना गाठायची हमखास जागा म्हणजे सकाळचं दूध संकलन केंद्र. तिथे दोन खुर्च्या आणि एक टेबल टाकलं की आठवडाभरात निम्मे पुरुष हाती लागतात. अट एकच: कॅन उतरवून आल्या आल्या पट्टा बांधायचा नाही, आधी पाच मिनिटं बसवायचं. आणि चहा मोजून झाल्यावर.

माप चुकलं की पुढचं सगळं चुकलं

दंडाला पट्टा बांधायचं डिजिटल यंत्र घ्या. मनगटाचं नको, हात जरा वर-खाली झाला की त्याचा आकडा हलतो. पाऱ्याची यंत्रं, पाऱ्याचा वापर कमी करण्याच्या मिनामाटा या आंतरराष्ट्रीय करारानंतर, हळूहळू बाद होत आहेत. काट्याचं यंत्र असेल तर हवा सोडल्यावर काटा बरोबर शून्यावर येतो का ते रोज बघा, येत नसेल तर ते दुरुस्तीला द्या. डिजिटल यंत्राची तपासणीही वर्षातून एकदा करून घ्या.

पट्ट्याच्या मापाकडे कुणी लक्ष देत नाही आणि सगळ्यात मोठी चूक तिथेच होते. खांदा आणि कोपर यांच्या मधोमध शिंप्याच्या टेपने दंडाचा घेर घ्या. २२ ते २६ सेंटीमीटरला छोटा पट्टा, २७ ते ३४ ला मध्यम, ३५ ते ४४ ला मोठा. कंपनीप्रमाणे थोडा फरक असतो, म्हणून पट्ट्यावर छापलेली मर्यादा वाचा. जाड दंडाला आखूड पट्टा बांधला तर बीपी दहा किंवा त्याहूनही जास्त दिसतं आणि धडधाकट माणसाला गोळी लागते. उलट रोजंदारीवर जाणाऱ्या बारीक बायकांच्या दंडाला मध्यम पट्टा सैल पडतो. आकडा खरा असतो त्यापेक्षा कमी येतो आणि बाई “नॉर्मल” म्हणून घरी जाते. एकाच पट्ट्यावर अख्खं गाव मोजू नका. किमान दोन मापांचे पट्टे ठेवा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा, तंबाखू, बिडी, मिश्री काही नको. लघवीला जाऊन यायला सांगा, कारण लघवी तुंबलेली असली तरी आकडा चढतो. पाठ टेकलेली, दोन्ही पाय जमिनीवर, मांडीवर मांडी नाही, हात टेबलावर आणि दंड छातीच्या पातळीला. टेबल बुटकं असेल तर हाताखाली उशी किंवा दुमडलेलं पोतं ठेवा. दंड हृदयाच्या पातळीपेक्षा दहा सेंटीमीटर खाली राहिला तरी आकडा सात-आठने वाढतो. पट्टा उघड्या दंडावर बांधा. त्याची खालची कड कोपराच्या घडीच्या वर दोन बोटं आणि पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच आवळ. ब्लाउज किंवा शर्टाची बाही गोळा करून वर सरकवली की तीच दोरीसारखी आवळते. अशा वेळी बाई बाईलाच मोजेल, आडोशाला, अशी सोय ठेवा. पातळ कापडावरून घेतलेलं माप अशा आवळलेल्या बाहीपेक्षा बरं.

यंत्र चालू असताना कुणीही बोलायचं नाही, मोजणाऱ्यानेही नाही. “सून कशी आहे?” हा प्रश्न त्या अर्ध्या मिनिटात विचारला तरी वरचा आकडा सहज दहाने चढतो. पहिल्यांदा दोन्ही दंडांवर मोजा आणि ज्यावर जास्त येईल तो हात रजिस्टरमध्ये लिहून ठेवा, पुढे नेहमी तोच. १४०/९० किंवा जास्त आलं तर एक-दोन मिनिटं थांबून पुन्हा मोजा आणि दोन्ही आकडे जसेच्या तसे लिहा. यंत्र वारंवार चूक दाखवत असेल किंवा प्रत्येक वेळी भलताच आकडा येत असेल, तर मनगटावर नाडी बघा. ठोके अनियमित असतील तर डिजिटल यंत्रावर विसंबू नका, त्या माणसाला डॉक्टरांकडे पाठवा. ठोक्यांची ही गडबड पक्षाघाताचं कारण ठरू शकते, त्यामुळे तीही सापडायला हवीच.

मोजणारा खरंच मोजतो आहे की अंदाजाने लिहितो आहे हे रजिस्टरच सांगतं. डिजिटल यंत्रावर शेवटचा अंक कुठलाही येतो. म्हणजे शंभर नोंदींत शून्यावर संपणारे वरचे आकडे दहाच्या आसपास असायला हवेत. पान उघडल्यावर १२०/८०, १३०/८०, १२०/८०, ११०/७० अशी रांग दिसली, तर यंत्र पिशवीतच राहिलं आहे किंवा आकडे गोल करून लिहिले गेले आहेत. यावर कुणाला झापू नका. बॅटरी संपली आहे का आणि एका दुपारी किती माणसं मोजायला लावली होती, हे आधी विचारा. एकाला नीट मोजायला दहा मिनिटं धरा, तासाला सहा. “एका दिवसात तीनशे” हा आकडा बॅनरवर छान दिसतो, रजिस्टरात त्याची किंमत कमी.

आकड्याचं काय करायचं

वरचा १४० किंवा खालचा ९०, यातला एक जरी पार झाला तरी ते वाढलेलं बीपी. पण एका दिवसाच्या मापावर कुणाला “तुम्हाला बीपी आहे” असं सांगू नका. आठवडा-दोन आठवड्यांत दुसऱ्या दिवशी पुन्हा मोजा, तेव्हाही तसंच असेल तर आरोग्य केंद्रात पाठवा. १६०/१०० च्या वर असेल तर इतकं थांबू नका, दोन-चार दिवसांत डॉक्टरांनी बघायला हवं. १८०/११० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी. आणि सोबत छातीत दाब, दम लागणं, एका बाजूची ताकद जाणं, तोंड वाकडं होणं, बोबडं बोलणं किंवा एकदम दिसेनासं होणं, यातलं काही असेल तर १०८ ला फोन. छातीत दुखताना “पित्त झालंय” म्हणून सोडा पिऊन पडून राहण्यात मोलाचा वेळ जातो. मेंदूत अडकलेली रक्ताची गाठ विरघळवायचं इंजेक्शन लक्षणं सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आतच देता येतं, म्हणून लक्षण किती वाजता सुरू झालं ते लिहून सोबत पाठवा.

जिभेखाली गोळी ठेवून बीपी झटक्यात खाली आणायचा प्रकार अजून दिसतो. तो करू नका. बीपी एकदम कोसळलं तर मेंदूला आणि हृदयाला रक्त कमी पडतं. छातीदुखीसाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली सॉर्बिट्रेट वेगळी, ती बीपीची गोळी नव्हे.

गरोदर बाईचा आकडा १४०/९० आला तर वरचे सगळे नियम बाजूला ठेवा. तिला दोन आठवड्यांनी नाही, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या.

रजिस्टर

दोनशे पानी वही पुरते. अॅप असेल तर उत्तम, पण रेंज नसलेल्या वाडीवर वहीच कामाला येते. एका रुग्णाला एक ओळ आणि तीच ओळ वर्षभर. नाव, वय, वाडी, स्वतःचा किंवा मुलाचा मोबाइल, नोंदणीची तारीख, पहिलं बीपी, कुठल्या गोळ्या, मग बारा महिन्यांचे बारा रकाने. प्रत्येक रकान्यात तारीख आणि बीपी. शेवटी एक रुंद रकाना: “का आले नाहीत”. रोज नवीन पान लावून नावं उतरवत गेलात तर कोण आलं ते कळतं, कोण आलं नाही ते कळत नाही. यादीचे फोटो गावच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. लग्न ठरायच्या वयातली मुलं घरात असतील तर लोक रोग लपवतात, आणि एकदा नाव फुटलं की तो माणूस परत येत नाही.

पुढची तारीख ३० दिवसांनी न देता २८ दिवसांनी द्या. म्हणजे वार तोच राहतो. तो आठवडी बाजाराचा वार ठेवला की माणूस तसाही गावात येतोच. गोळ्या ३० द्यायच्या, म्हणजे दोन हाताशी उरतात आणि एसटी चुकली तरी खंड पडत नाही. तारीख उलटून आठवडा झाला की फोन, दोन आठवडे झाले की घरी. घरी गेल्यावर “गोळ्या का बंद केल्या?” असं विचारलं की माणूस खोटं बोलतो. “गेल्या आठवड्यात किती दिवस राहिल्या घ्यायच्या?” असं विचारलं की खरं सांगतो.

कारणं ठरलेलीच निघतात. सगळ्यात वर असतं: “मला काही त्रासच नाही.” त्याला आकडा दाखवा, गोळी सुरू व्हायच्या आधीचा आणि आताचा, एकाच ओळीत. वरचा आकडा दहाने कमी झाला की पक्षाघाताचा धोका साधारण पावपट घटतो, हे तेव्हाच सांगा. आकडा नीट झाला तो गोळीमुळे आणि ती सोडली की तो परत चढतो, हे दोनतीनदा सांगावं लागतं. पाय सुजले म्हणून सोडणारे बरेच असतात. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीने घोट्यावर सूज येऊ शकते आणि डॉक्टर त्यावर गोळी बदलून किंवा मात्रा कमी करून देतात. हे पहिल्याच दिवशी सांगितलं असेल तर माणूस परत येतो, नाहीतर गोळ्या फडताळात राहतात. एखादी गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत, नेहमीची एकच.

गोळ्यांचा साठा

सरकारी प्रोटोकॉलमध्ये मोजकीच औषधं असतात, मुख्यतः अम्लोडिपिन, टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन. मोजकी असली की साठ्याचा हिशेब सोपा जातो. १२० रुग्णांना रोज एक अम्लोडिपिन धरली तर महिन्याला ३,६०० आणि तीन महिन्यांना १०,८००. काहींची मात्रा वाढेल, नवीन नावं येतील, म्हणून पावपट जादा धरून १३,५०० ची मागणी करा. साठा एका महिन्यावर आला की पुढची मागणी गेलेली हवी, संपल्यावर नाही. दोन वेळा रिकाम्या हाताने परत गेलेला रुग्ण तिसऱ्यांदा येत नाही. एक गोष्ट बारकी पण महत्त्वाची: टेल्मिसार्टन दमट हवेत खराब होते. पट्टीतून काढून कागदी पुडीत देऊ नका, कोकणात तर मुळीच नाही. आणि मूल होण्याच्या वयातल्या बाईला ती चालू असेल तर दिवस राहिल्याचं कळताच लगेच डॉक्टरांना सांगायला बजावून ठेवा, गर्भाला ती घातक आहे.

बीड, अहिल्यानगरकडच्या गावांत दिवाळीच्या सुमारास यादी अर्धी रिकामी होते. टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात जातात आणि परततात त्या उन्हाळ्याच्या तोंडाला. ट्रक भरायच्या आधी, म्हणजे दसऱ्यालाच, डॉक्टरांशी बोलून त्यांना जास्तीत जास्त जितक्या दिवसांच्या देता येतील तितक्या गोळ्या द्या. सोबत एक कार्ड: नाव, शेवटचं बीपी, गोळीचं नाव आणि मात्रा, मराठीत आणि इंग्रजीतही, कारण कारखान्याजवळच्या दवाखान्यात मराठी वाचणारं कुणी असेलच असं नाही. मुकादमाचा नंबर वहीत लिहून घ्या. फोन बहुतेक त्याचाच लागतो.

मीठ आणि मिश्री

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने मोठ्या माणसाला दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ, म्हणजे सपाट एक चमचा, सगळं धरून. “मीठ कमी खा” असं सांगून काही होत नाही, कारण आपण किती खातो हेच कुणाला ठाऊक नसतं. मिठाची पिशवी फोडताना तिच्यावर तारीख लिहायला सांगा आणि संपल्यावर दुसरी तारीख. चार मोठ्या माणसांचं महिन्याचं मीठ ६०० ग्रॅमच्या आत हवं. लोणचं, पापड, फरसाण, वडापाव, सुकट-बोंबलातून येणारं वेगळं, म्हणून पिशवीतलं अर्धा किलोवर आलं तर चांगलं. एक किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी आठ ग्रॅमच्या वर जातंय, वरचं न धरताच. लोणच्याचं मीठ वेगळं आणा, नाहीतर हिशेब बिघडतो.

कमी करताना एकदम अर्धं करू नका, घरात भांडण होतं आणि आठ दिवसांत सगळं मूळपदावर येतं. पहिले दोन आठवडे भाकरीच्या पिठातलं आणि भातातलं बंद करा. कालवण खारट असतं, त्यामुळे कळतही नाही. मग ताटात वाढायचं मीठ आणि ताकातलं. मग कालवणात चौथाई कमी, लिंबू-कोकम-आमसूल थोडं वाढवून. महिन्या-दीड महिन्यात जीभ रुळते. सैंधव मीठ घेतलं की चालतं हा समज काढून टाका, तेही सोडियमच, आणि बहुतेक वेळा त्यात आयोडीन नसतं. पोटॅशियम मिसळलेलं कमी-सोडियम मीठ खरंच उपयोगी आहे. चीनमध्ये ६०० गावांत केलेल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत त्याने पक्षाघात १४ टक्क्यांनी कमी झाले. पण मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा टेल्मिसार्टनसारख्या गोळ्या चालू असलेल्यांना ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका, रक्तातलं पोटॅशियम वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात.

हे काम बचत गटांच्या हातूनच होतं. फिनलंडच्या नॉर्थ करेलिया भागात हृदयविकाराने तरुण पुरुष धडाधड मरत होते. तिथे १९७२ मध्ये सुरू झालेल्या प्रकल्पाने गृहिणींच्या मार्था संघटनेला सोबत घेऊन गावोगाव स्वयंपाकाच्या बैठका घेतल्या. तीस-पस्तीस वर्षांत कामाच्या वयातल्या पुरुषांचे हृदयविकाराचे मृत्यू ८० टक्क्यांहून जास्त घटले, अर्थात त्यात तंबाखू, दूधलोणी आणि उपचार या सगळ्यांचा वाटा होता. आपल्याकडे शाळेची खिचडी शिजवणाऱ्या बायका बऱ्याच ठिकाणी बचत गटाच्याच असतात. त्यांच्या हातातला चमचा आधी मोजून घ्या.

तंबाखूबद्दल विचारताना शब्द सांभाळा. “तंबाखू खाता का?” याला बायका सरळ “नाही” म्हणतात. “मिश्री किती वेळा लावता?” विचारलं की उत्तर येतं: सकाळी, जेवण झाल्यावर, रात्री निजताना. निकोटीन तेच, वाढलेलं बीपीही तेच. सोडवताना आधी दुपारची बंद करायला सांगा, सकाळची सगळ्यात शेवटी सुटते.

तीन महिन्यांचा हिशेब

दर तिमाहीला वही उघडून एकच गणित करा. उदाहरणार्थ, आधीच्या तिमाहीत ८० जणांची नोंद झाली. या तिमाहीत त्यातले ४६ जण १४०/९० च्या खाली आहेत, १४ जण येतात पण आकडा वर आहे, २० जण आलेच नाहीत. नियंत्रण किती? ४६ भागिले ८०, म्हणजे साडेसत्तावन्न टक्के. बैठकीत बहुतेक वेळा ४६ भागिले ६० करून ७७ टक्के सांगितले जातात, आणि न आलेले वीस जण कागदावरून नाहीसे होतात.

१४ आणि २० यांचे उपाय वेगळे. १४ जणांच्या बाबतीत आधी गोळ्या रोज घेतल्या जातात का आणि पट्टा बरोबर मापाचा आहे का ते बघा. दोन्ही ठीक असेल तर त्यांची यादी डॉक्टरांसमोर ठेवा, मात्रा वाढवायची किंवा दुसरी गोळी जोडायची राहून गेलेली असते. २० जणांना वाडीनुसार लावा. बहुतेकदा त्यातले दहा-बारा एकाच वाडीचे निघतात, जिथून उपकेंद्र लांब आहे किंवा मधला ओढा पावसात वाहतो. तिथे महिन्यातून एक सकाळ सीएचओ किंवा सिस्टर यंत्र आणि गोळ्या घेऊन अंगणवाडीत बसतील एवढं जमवा, आणि तो वार वाडीच्या पाण्याच्या टाकीवर रंगवून टाका.